वॉरंट दुकानापुरतं

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या.

“ताई, चोरीचं कापड शोधायला आलेल्या पोलिसांना तू अडवलंस?”

“दुकानात कुठे अडवलं? वॉरंट दुकानाचं होतं, खुशाल बघा म्हटलं. पण ते घराचा जिना चढायला लागले, तेव्हा मी पायरीवर फतकल मारून बसले.”

“अगं बाई! मग?”

“म्हटलं, साहेब, या कागदावर घर लिहून आणा, मी स्वतः दार उघडते.”

“आणि दाजी?”

“शिलाई मशीनमागून खुणावत होते, ऊठ म्हणून. एरवी घरात वाघ!”

“वर काही नव्हतं ना?”

“ओलं धुणं होतं.”

“मग बघू द्यायचं होतंस की!”

“लपवायला काही असतं तर हातापाया पडले असते. नव्हतं, म्हणूनच बसले.”