करवंदीच्या खिंडीतलं तेल

ऐका. आणि मध्ये मध्ये फाटे फोडू नका. मागच्या वेळी अर्ध्यात विचारत बसलात आणि गोष्ट तिथंच राहिली.

ही माझ्या थोरल्या बहिणीची, अनसूयाअक्काची गोष्ट. अक्काचा नवरा हैबतदाजी. दाजींची एक म्हातारी जीप होती. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा गोळा असतो, बघितलाय ना? त्याला डिफरन्स म्हणतात. आत दातेरी चाकं असतात, ती तेलात फिरतात. तेल संपलं की ती दात खाऊन रडायला लागतात. गोळ्याला दोन बूच. वरच्यातून तेल भरायचं, खालच्यातून काढायचं. दाजींचा गोळा गळका. म्हणून तेलाचा डबा, नळी, पाना आणि उजेडाला हातातली बॅटरी कायम सीटखाली.

तर आमची आई शेवटच्या घटका मोजत होती. मी अक्काला निरोप धाडला. निरोप पोचेस्तोवर दिवेलागण झाली. दाजी म्हणाले, सकाळी निघू. अक्का म्हणाली, आई सकाळची वाट बघणार आहे का? निघाले. मोठ्या रस्त्यानं वळसा पडतो, म्हणून करवंदीच्या खिंडीतून निघाले. मोठा रस्ता काय शोभेला केलाय? पण नाही.

खिंड चढली आणि मागून आवाज आला. कुंई… कुंई… दाजींनी जरा सपाट जागा बघून गाडी थांबवली. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून चाकांना दगड लावले. गाडीखाली शिरून वरचा बूच काढला आणि भोकात करंगळी घातली. तेल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. करंगळी कोरडी. परवाच भरलं होतं हो! दाजी वैतागले. नळी लावली, तेल ओतलं, भोकातून थेंब बाहेर टपकले तेव्हा बूच आवळला. भरलं म्हणजे भरलं.

पुढं गेले. कुंई… परत सपाट जागा, परत दगड, परत करंगळी. कोरडी! खालचा बूच घट्ट, गोळ्याला बाहेरून ओल नाही. मग तेल गेलं कुठं? दाजी शिव्या देत सुटले. गाडीला दिल्या, गाडी विकणाऱ्याला दिल्या. अक्का वरून म्हणाली, त्याला काय शिव्या देता, घेतली कुणी? दाजींनी पुन्हा भरलं.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मात्र वेगळं झालं. तेल ओतताना आतून आवाज आला. गट. गट. गट. तहानलेला माणूस पाणी पितो ना, तस्सा. तू हसू नकोस, रखमा. रात्री घरी एकटी जाणार आहेस तू.

दाजी अंग चोरून बाहेर आले. बघतात तर बांधावर एक माणूस बसलेला. डोक्यावरून घोंगडं. तो म्हणाला, "वरनं भरून काय उपयोग? आत कचरा साठलाय. खालचा बूच काढा. मी बॅटरी धरतो." दाजी इतके कंटाळले होते की हा कोण, कुठला, काही विचारलं नाही. बॅटरी त्याच्या हातात दिली आणि पुन्हा खाली शिरले. पाय मागच्या चाकासमोर बाहेर.

अक्का पाय मोकळे करायला खाली उतरली. तिच्या पायाला काहीतरी चिकट लागलं. तेल. जीपच्या उजेडात बघितलं तर तेलाचे तीन डाग, शेजारी शेजारी. तिन्ही वेळा गाडी याच जागी थांबली होती! इतका वेळ चालली, आणि जागची हललीच नव्हती.

तिकडं दाजींनी खालचा बूच सोडला. तेलाची धार तळहातावर आली. आणि तळहात कुणीतरी चाटला. म्हशीच्या जिभेसारखी खरखरीत जीभ, पण गार. बर्फ! 

अक्कानं बॅटरीकडं बघितलं. बॅटरी अधांतरी. आणि घोंगडंवाला पायानं चाकापुढचा दगड हळूहळू सरकवत होता.

अक्का ओरडत बसली नाही. तिनं दाजींचे दोन्ही घोटे धरले आणि पोतं ओढावं तसं ओढलं. दाजी बाहेर, आणि गाडी सुटली. मागचं चाक दाजींच्या कमरेच्या जागेवरून गेलं. गाडी जाऊन बांधाला टेकली.

घोंगडंवाला जवळ आला. म्हणतो, "अजून थोडं."

दाजींचं भय त्या शब्दानं पार उडालं. नुसता संताप उरला. "रातभर पाजतोय तुला! घे एकदाचं!" म्हणाले आणि उरलेला डबा दरीत भिरकावला. घोंगडं डब्यामागं दरीत गेलं. खालून आवाज येत राहिला. गट. गट.

दोघं गाडीत बसले. गोळ्यात थेंब नाही, खालचा बूच तिथंच पडलेला. गाडी अख्खी खिंड किंचाळत उतरली, पण उतरली. तांबडं फुटताना अक्का आमच्या दारात आली. आईनं तिला ओळखलं. तिच्या हातचं पाणी प्याली, आणि ऊन वर यायच्या आत गेली.

नंतर बाबालाल मिस्त्रीनं गोळा उघडला तेव्हा मी तिथंच होतो. दात झिजले होते. पण तेलाचा डागसुद्धा नाही, वाससुद्धा नाही. आतून चाटून पुसलेली ताटली.

तो कोण होता? मला काय विचारता? मी काय त्याचा भाऊबंद? एवढं ऐका. करवंदीच्या खिंडीनं जाऊ नका. गाडी रडो, बोंबलो, तिथं थांबू नका. आणि थांबलातच, तर गाडीखाली शिरू नका.

दाजींनी ती जीप पुढंही चालवली. पण अंगणातसुद्धा तेल बघायला खाली शिरले, की अक्का हातातलं काम टाकून यायची आणि ते बाहेर येईपर्यंत त्यांचा घोटा धरून बसायची.