वीस मिनिटांचा अंधार

मुलगी : …म्हणून सांगते बाबा, लॅपटॉप बंद करायची गरज नाही. ताऱ्यांचा नकाशा त्यातच आहे. स्क्रीन लाल केलीय मी.

बाबा : लाल आहे, पण केवढी झगझगीत. आपल्या फोटो स्टुडिओतल्या डार्करूमचा दिवा आठव. आपलाच हात दिसायला वेळ लागायचा. उजेड कमी कर. अजून. हं, आता तो लाल जिलेटिनचा कागद लाव वर.

मुलगी : लावला. आता अक्षरंच दिसेनात.

बाबा : दिसतील. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात.

मुलगी : तेवढाच वेळ आहे. मग धूमकेतू टेकडीमागे जाईल, आणि उद्यापासून दिसणारच नाही. …पंधराएक मिनिटं झाली असतील ना आता? किती वाजले बघू…

बाबा : फोन नको काढू. फोन… झालं, पडला उजेड डोळ्यांत.

मुलगी : सवयीनं हात गेला हो. डोळ्यांसमोर नुसते पांढरे ठिपके नाचतायत. गेली सगळी मेहनत पाण्यात.

बाबा : तुझी गेली. तू खिशात हात घातलास तेव्हाच मी उजवा डोळा मिटून घेतला. डार्करूमचं दार कुणी उघडलं की एक डोळा मिटायचा, चाळीस वर्षांची खोड आहे.

मुलगी : पण दुर्बीण कुठे वळवायची ते मला दिसायला हवं ना.

बाबा : मी सांगतो. नकाशा आणि आकाश, दोन्ही दिसतंय मला.

मुलगी : तुम्ही? मोतीबिंदू काढून महिनाच झालाय.

बाबा : त्याच डोळ्याचा काढलाय. डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त वापरा. डावीकडे घे. थोडं खाली. अगं, थोडं म्हणजे केसभर.

मुलगी : नक्की ना? चुकलं तर दुसऱ्यांदा शोधायला वेळ नाही.

बाबा : डोळे धूसर झाले म्हणून स्टुडिओ बंद केला मी, नेम धरायला विसरलो नाही. थांब. इथेच.

मुलगी : या, बघा आत. थेट बघू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. अंधूक गोष्ट तशीच नीट दिसते.

बाबा : हं.

मुलगी : दिसतंय काही?

बाबा : …धुरासारखा ठिपका. मागे शेपूट. टोकाला विरत गेलंय.

मुलगी : सापडला म्हणजे.

बाबा : टेकडीला टेकत आलाय.

मुलगी : मग कॅमेरा लावू का पटकन? फोटो तरी राहील.

बाबा : लोकांचे फोटो धुण्यात जन्म गेला, बाई. आज मला नुसतं बघू दे.