विमानाच्या डोळ्यावरील कुंकवाबाबत

दि. १३/१०/२००५, सकाळी ११.१०

मी नीलेश बंडूजी कुबडे, वय २३, शिक्षण नववी, धंदा सध्या नाही, आधी जिनिंगात, मग ट्रकवर क्लीनर, रा. बोरगाव मेघे, हल्ली मुक्काम मित्र धीरज ढोक याचे घरी, हिंगणघाट. आपण होऊन ठाण्यात आलो व सांगतो की,

धीरजकडे रिमोटचे विमान आहे. शिकणाऱ्याच्या हातून पडू नये म्हणून त्यात एक डबी बसवली आहे. डबीला चार बाजूंनी चार डोळे. जमीन गरम, आभाळ थंड, हे त्यांना कळते. रिमोटच्या दांड्या सोडल्या की विमान आपोआप सरळ होते. पण एखादा डोळा झाकला गेला तर डबी फसते व विमान उलट कलते. नागपूरला एका सरदारजीच्या ट्रकवर असताना मी असेच एक, हे विचारलेले नाही असे हवालदारसाहेब म्हणाल्यावरून पुढे सांगतो.

काल दसरा. धीरजच्या आई सुलोचनाबाई यांनी स्कूटर, शिलाई मशीन यांच्यासोबत विमानाचीही पूजा केली. ओले कुंकू डबीच्या एका डोळ्यावर लावले. धीरज घरी नव्हता. मी म्हटले, "काकू, तिथं नोका लावू." त्या म्हणाल्या, "डोयाच आहे ना त्याचा? मंग नजर त्यालेच लागन." मी हसलो. निघताना पुसू असे ठरवले.

दुपारी चारला वणा नदीकडच्या पडीत शेतात गेलो. उडवण्याआधी विमान डोक्यावर धरून डबी तपासायची, हे काम माझे. मी वाटेत कोणाच्या बैलाची रंगवलेली शिंगे पाहत थांबलो, उशीर झाला. धीरजने विचारले, "डबी पाह्यली का?" मी हो म्हटले. पाहिली नव्हती, कुंकूही पुसले नव्हते. विमानभर टिळे होते, म्हणून त्याला वेगळे काही दिसले नाही.

वर गेल्यावर विमान कलले. धीरजने शिकल्याप्रमाणे दांड्या सोडल्या. ते आणखीच कलले व बांधावर बसलेले महादेवराव येनूरकर, वय ६०, यांच्या अंगावर आले. त्यांनी हात आडवा केला. पंख्याने दोन बोटे गेली.

तक्रारीत नाव धीरजचे आहे. त्याला रेल्वेत नोकरी लागली आहे, पोलीस चौकशीचा कागद यायचा आहे. आपलाच हात चुकला असे तो समजतो. मी त्याला अजून सांगितलेले नाही.

आज सकाळी सुलोचनाबाईंनी विचारले, "कसं पडलं रे बाबू? पूजा तं केली होती." मी चहा पीत राहिलो.

त्यांचे नाव यात घेऊ नये असे मी म्हटले. घ्यावे लागते असे सांगण्यात आले. तर मग हेही लिहा की, त्यांना माहीत नव्हते, मला माहीत होते.

लिहिलेले मला ऐकवले. मी बोललो तसेच आहे. सही करतो.

नीलेश बं. कुबडे