लाल टॅग

जामुलच्या बसमध्ये वसुंधराबाई खिडकीला डोकं टेकून पेंगत होत्या. पुढच्या सीटवर बापलेकीचं काहीतरी जुंपलं, आणि त्यांची झोप उडाली ती उडालीच.

"बाबा, दादाच्या त्या जुन्या गेम मशीनमध्ये मी लिनक्स टाकून राहिली."

"ते काय अस्ते?"

"कॉम्प्युटर चालवाची सिस्टीम. फुकट भेटते. टाकली का गेमचा डबा पुरा कॉम्प्युटर बनते. मले शिकाले होईल."

"हात नोको लावू. त्याच्यावर लाल टॅग हाये."

"दादानं मजाकमध्ये लावला होता, तुमच्याच बॅगेतून काढून! 'काम चालू है, स्विच मत लगाओ.' नऊ साल झाले, बाबा!"

"नव्वद होऊ दे. प्लांटात पस्तीस वर्सं इलेक्ट्रिशियन होतो मी. ज्यानं टॅग लावला, त्यानंच काढा लागते. दुसऱ्यानं काढून स्विच लावला तर लाइनवर काम करनारा मानूस मरते."

"मंग बोलवा ना दादाले."

"मी कावून बोलावू? भांडून गेला तो."

"मीच केला फोन. म्हटलं, टॅग काढाले ये."

"...मंग?"

"हसला. म्हने, मी फोनवर सांगतो, तूच काढ."

"असं नाही चालत! खुद हजर राहा लागते."

"हेच म्हटलं मी. शनिवारी येऊन राहिला."

वसुंधराबाईंचा स्टॉप आला आणि गेला. त्या उठल्या नाहीत.

"पोरी, ते तुह्यं लिनक्स टाकाले किती टाइम लागते?"

"एक घंटा, बस."

"दादाले आठ दिवस लागते म्हनून सांग."