नीलेशची बसकी पिकअप

आमच्या भुईगावचा नीलेश माहीत आहे ना, केळीच्या वाडीवाला? त्याने माल वाहायची पिकअप चार बोटं खाली बसवून घेतली. का, तर म्हणे रुबाबदार दिसते. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. दोनदा अलाइनमेंट करून झालं, तरी केळी भरली की टायर घासायचे आणि गाडी लोकांच्या कुंपणाकडे निघायची.

शेवटी मेकॅनिक वैतागला. "अरे, रिकामी सरळ चालते, माल भरलास की बिघडते. सस्पेन्शन परत वर घे."

नीलेश म्हणाला, "त्यापेक्षा मी मालच भरत नाही."

परवा केळी भाड्याच्या टेम्पोतून बाजारात निघाली होती, मागोमाग पिकअप. मी त्याच्या वडिलांना विचारलं, "काका, केळी तर टेम्पोत, मग पिकअपमधून काय चाललंय?"

काका म्हणाले, "नीलेश."