परातीचा उजेड

तुम्हीच सांगा हो, सासू दवाखान्यात असताना सुनेनं घरात तिचा एक धड फोटो शोधला, तर ते पाप झालं का? माझ्या मनात तसं काही नव्हतं! आमचे हेच म्हणाले, "असू दे एखादा..." म्हणून मी ट्रंक उपसली, तर सापडला काय, लग्नातल्या घोळक्याचा फोटो, त्यात सासूबाई अर्ध्या आणि उरलेल्या अर्ध्यावर कुणाचं तरी कोपर! तो मोठा करून घेऊ म्हणून उशीखाली ठेवला आणि विसरले. चौथ्या दिवशी आमच्या सासूबाई, सिंधुबाई, ठणठणीत होऊन म्हसावदला घरी आल्या, नि नेमक्या त्याच उशीवर आडव्या झाल्या!

"हाऊ फोटो आठे काबर?" त्यांनी तो उशीखालून ओढून काढला. "मी मरानी वाट देखी ऱ्हायनी व्हती का वं?" माझ्या मनात तसं काही नव्हतं हो, पण त्यांनी तो कोपराचा फोटो माझ्या नाकापुढे नाचवला, "मंग नीट तरी काढा!"

आता शहाद्याच्या स्टुडिओचा जिना त्यांना चढवत नाही, म्हणून फोटोवाल्या भाग्येशलाच घरी बोलावलं. त्यानं निंबाच्या सावलीत खुर्ची मांडली, मागे चादर बांधली आणि म्हणतो कसा, "काकू, आजीच्या तोंडावर अंधार येतोय, उजेड पाडायचा रिफ्लेक्टर गाडीला बांधला होता, वाटेत कुठं पडला कळलंच नाही..." आता भिंतीवर काय अंधार टांगायचा? मी धावत परात आणली, घासून चकचकीत, उन्हात धरली, आणि झोत गेला थेट त्यांच्या डोळ्यांत! "अय माय वं! दवाखानामा वाचनी, तं आते आंधयी करी टाकशी!" त्यात शेजारच्या सरलाबाई कुंपणावरून, "काय करी ऱ्हायनी वं सासूले?" काय सांगू त्यांना? माझ्या मनात तसं...

भाग्येश म्हणाला, "स्टीलचा उजेड टोचतो काकू, वर पांढरं कापड ताणा." घाईत हाताला लागलं ते गेलेल्या सासऱ्यांचं जुनं धोतर. ते ताणलं मात्र, उजेड असा मऊ पडला म्हणता चेहऱ्यावर! सासूबाईंनी धोतर ओळखलं, पदर सारखा केला आणि तुम्हाला सांगते, चक्क लाजल्या. भाग्येशनं तेवढ्यात टिपलं. मला रडूच फुटलं.

"आते काबर रडी ऱ्हायनी? जित्ती शे मी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाग्येशला परत बोलावलं, मला त्याच खुर्चीत बसवलं, "कोना नंबर पहिले लागी, कोनले माहीत?" म्हणाल्या, आणि परात स्वतः धरली. झोत थेट माझ्या डोळ्यांत, वर धोतर न ताणता.