पाठीवरचा नऊ

विमानतळावर सामान द्यायच्या रांगेत नर्सबाई ताटकळत होत्या. पुढे रग्बीची जर्सी घालून, पाठीवर भला मोठा नऊ मिरवणारा गृहस्थ आणि त्याला सोडायला पास काढून आत आलेली बायको. कान बंद करायची सोय नव्हती, म्हणून नर्सबाई ऐकत होत्या.

“विश्वचषक आहे गं! चार वर्षांनी येतो.”

“आपला संघ तरी आहे का त्यात?”

“नसेना का! मनापासून ओरडणारं माणूस लागतं मैदानाला.”

“शनिवारी लेकीचीही फायनल आहे. रग्बीचीच.”

“शाळेच्या मैदानावरची ना? तू जा की.”

“मला नियम कुठे कळतात?”

“नियम कशाला हवेत? आपलं माणूस पडलं की ओरडायचं, उठलं की टाळ्या वाजवायच्या.”

“गेल्या वेळी पडली, तेव्हा तुम्हालाच शोधत होती.”

“बरं बाई, तिथून फोन करीन तिला. तिच्या जर्सीवर आकडा कुठला असतो? विचारताना माहीत असलेला बरा.”

“तुमच्या पाठीवर आहे तोच. हट्टानं मागून घेतलाय तिनं.”

“काय सांगतेस! मग मला बोलली कशी नाही?”

“आली होती सांगायला. तुम्ही टीव्हीसमोरून म्हणालात, मध्यंतरात सांग.”